विद्यासंपन्न सम्राट असुरबनिपाल

राजाच्या अंगी शौर्य असावे, दातृत्व असावे, न्यायबुद्धी असावी, असे आपले नीतिग्रंथ सांगतात; आणि या सर्व गुणांच्या मुळाशी विनय असावा व तो विद्येने यावा, असाही त्यांचा अभिप्राय आहे. परंतु विद्या आली म्हणजे विनय तिच्यामागून निश्चितपणे येतोच काय, हा प्रश्न प्रत्येक पिढीस नव्याने पडत आला आहे. या प्रश्नाचा विचार करू इच्छिणाऱ्यास पश्चिम आशियातील एका प्राचीन राजाचे चरित्र फार उपयोगी पडण्यासारखे आहे. त्याचे नाव असुरबनिपाल. जगातील अतिप्राचीन व सुव्यवस्थित ग्रंथसंग्रहांपैकी एकाचा तो निर्माता होय. आणि आपल्या काळातील अत्यंत कठोर विजेत्यांतही त्याची गणना होते. एकाच पुरुषाच्या ठायी या दोन गोष्टी कशा नांदल्या, हे पाहण्यासाठी त्याच्या आयुष्याचा क्रम समजून घेतला पाहिजे.

आजच्या इराकमध्ये टायग्रिस नदीच्या काठी मोसुल नावाचे नगर आहे. त्याच्या समोर, नदीच्या पूर्वतीरावर, निनेवे या प्राचीन राजधानीचे अवशेष पसरलेले आहेत. येथून असिरियाचे राजे राज्य करीत. असुरबनिपालाचा आजोबा सेनॅकेरिब याने इ. स. पू. ६८९ मध्ये बॅबिलन हे विद्येचे आणि देवस्थानांचे पुरातन नगर उद्ध्वस्त केले होते. पुढे इ. स. पू. ६८१ मध्ये त्याच्याच पुत्राने त्याचा वध केला. त्या यादवीतून वाट काढून एसारहद्दन हा दुसरा पुत्र सिंहासनावर आला. एसारहद्दन हा असुरबनिपालाचा पिता. त्याने बॅबिलन पुन्हा वसविण्यास आरंभ केला आणि इजिप्तपर्यंत राज्याचा विस्तार केला. परंतु तो वारंवार आजारी पडे, आणि पित्याच्या हत्येची व भाऊबंदकीची आठवण त्याच्या मनातून कधी गेली नाही.

आपल्यामागे पुत्रांत कलह होऊ नये म्हणून एसारहद्दनाने इ. स. पू. ६७२ मध्ये एक विलक्षण व्यवस्था केली. थोरला पुत्र शमश-शुम-उकीन याला त्याने बॅबिलनचे राज्य नेमून दिले, आणि धाकटा असुरबनिपाल याला असिरियाचे, म्हणजे मुख्य साम्राज्याचे, युवराजपद दिले. सर्व प्रजाजन, अधिकारी व मांडलिक यांना एकत्र करून या व्यवस्थेशी एकनिष्ठ राहण्याच्या शपथा त्याने घेवविल्या. त्या शपथपत्रांच्या मातीच्या मोठ्या पाट्या इ. स. १९५५ मध्ये निमरूद येथे सापडल्या, आणि आणखी एक प्रत इ. स. २००९ मध्ये तुर्कस्तानातील तेल तायिनात येथे मिळाली. शपथ मोडणाऱ्यावर कोणकोणती संकटे कोसळावीत याची त्यात लांबलचक यादी आहे. दरबारातील एका विद्वानाने राजाला पत्र लिहून या योजनेची वाखाणणी केली, आणि स्वर्गातही जे घडले नाही ते राजाने पृथ्वीवर घडविले असे त्यात म्हटले. थोरल्यास लहान आसन आणि धाकट्यास मोठे आसन देण्यात कोणते बीज पेरले जात आहे, हे त्या दिवशी कोणी बोलून दाखविले नाही.

युवराज असुरबनिपालाच्या शिक्षणासाठी बलासी नावाच्या ज्योतिर्विद पंडिताची योजना झाली. घोड्यावर बसणे, रथ हाकणे, धनुष्य चालविणे हे राजपुत्रास उचित असलेले शिक्षण त्याला मिळालेच. पण त्याखेरीज लेखनिकांची विद्याही त्याने आत्मसात केली. ही विद्या सोपी नव्हती. ओल्या मातीच्या पाटीवर बोरूसारख्या कोरणीने पाचरीच्या आकाराच्या खुणा उमटवून ती लिपी लिहीत. तिच्यात शेकडो चिन्हे होती आणि एकेका चिन्हाचे अनेक उच्चार होत. शिवाय अक्कादी ही चालती भाषा आणि सुमेरी ही तेव्हाच बोलण्यातून कित्येक शतके नाहीशी झालेली, केवळ पठनपाठनाने जिवंत ठेवलेली शास्त्रभाषा, अशा दोन्ही भाषा विद्यार्थ्यास शिकाव्या लागत. आपल्याकडे गुरुगृही कोश, व्याकरण व टीका घोकून जे प्रावीण्य मिळते त्याचीच ही जात होती. आपण दुर्बोध सुमेरी लेख वाचू शकतो, जलप्रलयापूर्वीचे मानले जाणारे शिलालेख तपासू शकतो, अवघड गुणाकार-भागाकार सोडवू शकतो आणि शकुनशास्त्रातील पंडितांशी वाद करू शकतो, असे असुरबनिपालाने पुढे आपल्या लेखात अभिमानाने नमूद केले. त्याच्या प्रासादातील शिल्पांत तो सिंहाची शिकार करीत असतानाही त्याच्या कमरपट्ट्यात लेखणी खोवलेली दाखविली आहे. पराक्रमाच्या चित्रात लेखणी असावी असे ज्या राजास वाटले, त्याचे विद्येवरील प्रेम खोटे म्हणता येणार नाही.

इ. स. पू. ६६९ मध्ये इजिप्तच्या मोहिमेवर निघालेला एसारहद्दन वाटेतच मरण पावला. असुरबनिपालाची आजी नकिया ही मोठी करारी स्त्री होती. तिने राजघराण्यातील सर्वांकडून, अगदी थोरल्या भावाकडूनही, नव्या राजाशी निष्ठेची शपथ घेवविली. असुरबनिपाल असिरियाच्या सिंहासनावर बसला आणि पुढील वर्षी शमश-शुम-उकीन बॅबिलनला गेला. त्यानंतर सुमारे सोळा वर्षे दोघा भावांचा संसार वरवर सुरळीत चालला. या काळात असिरियाचे सैन्य पुन्हा इजिप्तमध्ये उतरले आणि इ. स. पू. ६६३ मध्ये थीब्ज हे मंदिरांचे नगर लुटून तेथील दोन भव्य स्तंभ त्यांनी उचलून नेले. इ. स. पू. ६५३ च्या सुमारास उलाई नदीच्या काठी ईलाम देशाचा राजा तेउम्मान याचा पराभव होऊन त्याचा शिरच्छेद झाला. त्या विजयानंतरचे एक शिल्प आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. द्राक्षांच्या मांडवाखाली राजा मंचकावर पहुडला आहे, समोर राणी आसनावर बसली आहे, सेवक पंखे ढाळीत आहेत, वीणेसारखी वाद्ये वाजत आहेत. आणि बाजूच्या झाडाला तेउम्मानाचे मस्तक टांगलेले आहे. शिल्पकाराचे कौशल्य अप्रतिम आहे. तरीही ते शिल्प पाहणाऱ्याची नजर त्या झाडापाशी येऊन थबकते.

आता बॅबिलनची हकीकत ऐकावी. शमश-शुम-उकीन नावाचा राजा होता, पण त्याच्या राज्यातील अधिकारी धाकट्या भावाशी थेट पत्रव्यवहार करीत, आणि मोठे निर्णय निनेवेत होत. मानी पुरुषास हे शल्य किती दिवस सहन व्हावे? इ. स. पू. ६५२ मध्ये त्याने ईलामी, खाल्डियन आणि अरब यांना बरोबर घेऊन उघड बंड पुकारले. असुरबनिपालाने बॅबिलनच्या नागरिकांस पत्र लिहून भावाच्या नादी लागू नका म्हणून विनविले; परंतु वेळ टळून गेली होती. चार वर्षे युद्ध चालले. बॅबिलनला वेढा पडला, धान्य संपले, आणि भुकेने माणसांनी माणसांचे मांस खाल्ले असे विजेत्याच्या लेखातच लिहिलेले आहे. इ. स. पू. ६४८ मध्ये नगर पडले आणि शमश-शुम-उकीन आगीत जळून मेला. पित्याने घालून दिलेल्या व्यवस्थेचा व घेवविलेल्या शपथांचा असा शेवट झाला. ग्रीक लेखकांनी पुढे सार्दानापालस नावाच्या विलासी राजाची जी कथा रचली, तीत या अग्निमृत्यूची आठवण मिसळलेली दिसते. मात्र तीत तो मृत्यू भावाऐवजी राजाच्याच माथी मारला गेला आहे.

या युद्धाचा त्या प्रसिद्ध ग्रंथसंग्रहाशी निकट संबंध आहे. ग्रंथ जमविण्याची हौस असुरबनिपालास आधीपासून होती. बोर्सिप्पा येथील आपल्या अधिकाऱ्यास त्याने पाठविलेल्या एका आज्ञापत्राच्या नकला पुढे कितीतरी काळ विद्यार्थी गिरवीत राहिले. नाबू या लेखनदेवतेच्या मंदिरातील पाट्या आणि त्या गावच्या पंडितांच्या घरी असलेल्या पाट्या शोधून पाठवाव्यात, असिरियात नसलेली दुर्मिळ पाटी दिसल्यास ती घ्यावी, आणि कोणीही पाटी देण्यास नकार देऊ नये, असा त्या पत्राचा आशय आहे. पंडितांनी अहोरात्र लिहून प्रती पुरविण्याचे आश्वासन दिले. राजाज्ञेपुढे दुसरे काय करणार? पण बॅबिलन पडल्यावर हा ओघ एकदम वाढला. इ. स. पू. ६४७ च्या आरंभी निनेवेत दाखल झालेल्या ग्रंथांच्या नोंदींचे काही तुकडे उपलब्ध आहेत. कोणत्या माणसाकडून, त्याचा व्यवसाय कोणता, कोणत्या विषयाच्या किती मातीच्या पाट्या आणि किती मेण लावलेल्या लाकडी पाट्या आल्या, हे त्यात क्रमाने मांडलेले आहे. उरलेल्या तुकड्यांवरूनच सुमारे २००० मातीच्या पाट्या आणि ३०० लाकडी पाट्या यांचा हिशेब लागतो. ग्रंथालयाच्या कारभाराचा इतका जुना आणि इतका काटेकोर दप्तरी पुरावा क्वचितच मिळतो.

त्याच काळातील दुसरी एक नोंद मात्र वाचताना मन खिन्न होते. निप्पुरच्या अधिपतीचा मुलगा निनुर्ता-गिमिल्ली याने आपणास नेमून दिलेली ग्रंथमाला पूर्ण केली असून त्याच्या पायांत बेड्या घातल्या आहेत, तो युवराजप्रासादात एका अधिकाऱ्याच्या स्वाधीन आहे, आणि सध्या त्याच्याकडे दुसरे काम नाही, असे तीत कारकुनी कोरडेपणाने लिहिले आहे. म्हणजे प्रतिस्पर्धी घराण्यांतील सुशिक्षित मुले ओलीस आणून त्यांच्याकडून ग्रंथलेखन करून घेतले जात होते. आपल्याकडील पोथ्यांच्या अखेरीस लेखक कधी कधी आपली पाठ वाकली, मान अवघडली, डोळे शिणले असे सांगतो आणि एवढ्या कष्टाने लिहिलेला ग्रंथ जपावा अशी विनंती करतो. पोथ्यांचे काम करणाऱ्याला त्या ओळी सुपरिचित असतात. निनुर्ता-गिमिल्लीला एवढेही लिहिण्याची मुभा नव्हती. त्याने लिहिलेल्या मालेच्या शेवटी नाव आले असेल तर ते राजाचे.

राजाच्या पाट्यांवरील पुष्पिका ठराविक असत. हा ग्रंथ जुन्या प्रतीवरून उतरवून, ताडून पाहून, आपल्या वाचनासाठी व चिंतनासाठी प्रासादात ठेवला आहे, असे राजाच्या नावाने लिहीत. आणि जो तो पळवील किंवा त्यावर आपले नाव घालील त्याचे नाव व वंश देवांनी पुसून टाकावा, असा शाप जोडीत. लांब ग्रंथ अनेक पाट्यांवर विभागलेला असे. प्रत्येक पाटीवर ग्रंथाचे नाव, पाटीचा क्रमांक आणि पुढील पाटीचा आरंभीचा शब्दसमूह दिलेला असे, म्हणून पाट्या विस्कटल्या तरी पुन्हा लावता येत. संग्रहात शकुन व भविष्य यांवरील ग्रंथांचा भाग फार मोठा होता. ग्रहताऱ्यांच्या शकुनांची एकच माला सुमारे ७० पाट्यांची होती. त्याखेरीज पूजाविधी, स्तोत्रे, शब्दकोश, गणित आणि डोक्यापासून पायापर्यंतच्या रोगांवर क्रमाने उपचार सांगणारा वैद्यकग्रंथ होता. १२ पाट्यांचे गिल्गमेशाचे महाकाव्य आणि ७ पाट्यांचे सृष्ट्युत्पत्तीचे काव्यही होते.

हा सर्व खटाटोप राजाने कशासाठी केला, याचे उत्तर संग्रहाच्या स्वरूपातच सापडते. त्या काळी युद्धास निघावे की नाही, अमक्या सरदारावर विश्वास ठेवावा की नाही, असे राज्याचे प्रश्न शकुनावरून ठरत. शकुनाचे मूळ ग्रंथ ज्याच्या हाती, त्याला पंडितांच्या सल्ल्याची स्वतः पारख करता येई. म्हणून ग्रंथ हे राजाचे शस्त्रागारच होते. निर्मळ जिज्ञासा त्यात नव्हती असे नाही. पण तिच्या शेजारी सत्तेची भूक बसलेली होती, आणि दोघींचे पोषण एकाच कोठारातून होत होते.

बॅबिलन जिंकल्यावर त्याच राजाचा क्रोध ईलामकडे वळला. इ. स. पू. ६४७ च्या सुमारास सुसा नगरी लुटली गेली. तेथील शिखरमंदिर पाडले, देवमूर्ती उचलून नेल्या, पूर्वीच्या राजांची थडगी उकरून अस्थीही असिरियात नेल्या आणि भूमीवर मीठ पेरले, असे त्याच्या लेखांत तपशीलवार सांगितले आहे. हे सर्व त्याने धर्मकृत्य म्हणून सांगितले आहे, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश ही पायरी या मासिकाच्या वाचकांना नवीन नाही. असुरबनिपालाच्या बाबतीत चटका लावणारी गोष्ट अशी की त्याची शास्त्रांची स्मृती शेवटपर्यंत शाबूत होती. पाठ केलेले सर्व आठवत होते. नाहीशी झाली ती समोरचा माणूस आपल्यासारखाच आहे ही स्मृती.

त्याच्याच एका लेखात एक विलाप आढळतो. देवांचे व माणसांचे, जिवंतांचे व मृतांचे आपण भले केले असता रोग, दुःख आणि नाश आपल्या वाट्यास का यावा, देशात भांडणे आणि घरात कलह आपली पाठ का सोडीत नाहीत, असे तो देवास विचारतो. एवढ्या ग्रंथांच्या राशीत बसलेल्या पुरुषाने हा प्रश्न विचारावा, यात त्याच्या चरित्राचे सर्व मर्म आले आहे. उत्तर ग्रंथांत शोधण्याची त्याची सवय होती. बॅबिलनच्या राखेत ते शोधावे, निप्पुरच्या त्या मुलाच्या बेडीत शोधावे, असे त्याला सुचले नाही.

असुरबनिपालाच्या राज्याची अखेर इ. स. पू. ६३१ च्या सुमारास झाली. त्यानंतर वीस वर्षेही गेली नाहीत तोच, इ. स. पू. ६१२ मध्ये, बॅबिलनी आणि मीड सैन्यांनी एकत्र येऊन निनेवे जाळले. ज्यांचे नगर त्याने उपाशी मारले होते, त्यांच्याच वंशजांचे हात त्या आगीत होते. मेणाच्या लाकडी पाट्या जळून गेल्या. परंतु मातीच्या पाट्या आगीने भाजून विटांसारख्या कणखर झाल्या आणि ढासळलेल्या भिंतींखाली पंचवीस शतके सुरक्षित राहिल्या. शापांनी जे रक्षण केले नसते ते शत्रूच्या आगीने केले.

इ. स. १८५० च्या आसपास ऑस्टिन हेन्री लेयार्ड याने तेथे उत्खनन केले, आणि इ. स. १८५३ मध्ये मोसुलचाच रहिवासी होर्मुझ्द रस्साम याला असुरबनिपालाचा प्रासाद सापडला. ३०,००० हून अधिक पाट्या व तुकडे लंडनला गेले. मात्र कोणता तुकडा कोठे मिळाला याची नीट नोंद ठेवली गेली नाही. राजाच्या कारकुनांनी जेवढी काळजी घेतली तेवढी शोधकांनी घेतली नाही, असे म्हणणे भाग आहे. ती लिपी खरोखर वाचता येते काय, याची शंका तेव्हा विद्वानांतही होती. म्हणून इ. स. १८५७ मध्ये एकच लेख चार विद्वानांकडे स्वतंत्रपणे पाठविण्यात आला. रॉलिन्सन, टॅलबट, हिंक्स आणि ओपर्ट या चौघांची भाषांतरे बंद पाकिटांतून आली आणि ती मुख्य आशयात जुळली. भाषांतराच्या व्यवसायात यापेक्षा कठोर परीक्षा कोणती असू शकेल? पुढे इ. स. १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथ या नोटांच्या ठशांचे कोरीव काम शिकलेल्या, स्वाध्यायाने विद्वान झालेल्या गृहस्थाने गिल्गमेशाच्या अकराव्या पाटीत जलप्रलयाची कथा ओळखली. देवाने सावध केलेला एक पुरुष नौका बांधतो आणि प्राणिमात्रांचे बीज वाचवितो, अशी ती कथा आहे. शतपथब्राह्मणातील मनु आणि मत्स्य यांची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती वाचताना जवळचे कोणी भेटल्यासारखे वाटेल.

आज त्या पाट्यांचे आयुष्य निराळ्या रीतीने चालू आहे. त्यांची छायाचित्रे आणि लिप्यंतरे संगणकाच्या जाळ्यावर कोणासही पाहता येतात. म्युनिक येथे चालणाऱ्या प्रकल्पात तर दूरदूरच्या तुकड्यांचे सांधे संगणकाच्या साहाय्याने जुळविले जात आहेत. जो संग्रह एका राजाच्या चिंतनासाठी कुलुपात होता, तो कोणत्याही गावातील विद्यार्थ्यापुढे उघडा पडला आहे. आणि येथे ग्रंथालयांच्या हिशेबाची गोष्ट पुन्हा उपस्थित होते.

असुरबनिपालाच्या नोंदीत पाट्यांची संख्या आहे, देणाऱ्यांची नावे आहेत. वाचणाऱ्यांची संख्या नाही. ती कोणी मोजलीच नाही, कारण वाचक ठरलेला होता. आजचे ग्रंथालय आपल्या संकेतस्थळावर नेमकी दुसरी बाजू मोजते. कोणी एखादे पान उघडले की ते पुरविणारा संगणक आपल्या रोजनिशीत एक ओळ लिहितो. कोणते पान, किती वाजता, कोणत्या ठिकाणाहून येऊन उघडले, हे त्या ओळीत असते. अशा लाखो ओळींची बेरीज व वर्गवारी करणाऱ्या शास्त्रास वेब ॲनालिटिक्स म्हणतात. त्यावरून ग्रंथपालास कळते की वाचक कोणते शब्द घालून शोध घेतात, कोणत्या शोधाला एकही ग्रंथ मिळत नाही, आणि कोणत्या पानावरून माणसे निराश होऊन परत फिरतात. हा हिशेबही काळजीने करावा लागतो. मनुष्याऐवजी यंत्रेच पाने उघडीत फिरतात, ती गाळावी लागतात. एकाच वाचकाने घाईने दोनदा कळ दाबली तर दोन वाचने धरू नयेत, म्हणून काउंटर नावाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत ३० सेकंदांच्या आत दोनदा उघडलेली तीच गोष्ट एकदाच मोजण्याचा नियम आहे. आणि वाचक काय वाचतो ही त्याची खाजगी बाब असल्यामुळे व्यक्तीची ओळख नोंदीतून काढून टाकणे हेही ग्रंथपालाचे कर्तव्य ठरते.

आपल्या देशात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. इ. स. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाच सूत्रांत त्यांनी ग्रंथ उपयोगासाठी आहेत हे प्रथम सांगितले. प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ व प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा आणि वाचकाचा वेळ वाचावा, असे पुढे सांगितले. गणना त्यांनाही प्रिय होती, पण ती वाचकाच्या सेवेसाठी. निष्फळ झालेल्या शोधाची नोंद पाहून जो ग्रंथपाल तो ग्रंथ मिळवून ठेवतो, त्याच्या हातची संख्या ही सेवा होते. तीच संख्या केवळ मोठेपणा मिरविण्यासाठी फलकावर लावली, तर ती आणि सुसाच्या लुटीची यादी यांच्या वृत्तीत फारसे अंतर राहत नाही. शिवाय, पान उघडले गेले एवढेच यंत्र सांगू शकते. ते वाचले गेले काय, वाचून कोणाचा राग शमला काय, कोणी भावास पत्र लिहिले काय, हे कोणत्याही नोंदीत उतरत नाही.

गृहस्थाश्रमी माणसाजवळ साम्राज्य नसते, पण एखादे पुस्तकांचे कपाट असते, आणि भाऊही असतो. त्या कपाटातील किती ग्रंथ आपण उघडले, किती शेजाऱ्याच्या मुलास वाचावयास दिले, आणि वाचलेल्यापैकी किती आपल्या बोलण्याचालण्यात उतरले, असा हिशेब वर्षाकाठी एकदा प्रत्येकाने मांडावा. वडिलार्जित जमिनीच्या वा घराच्या वाटणीवरून भावाभावांत अबोला असेल, तर पुढचा ग्रंथ विकत घेण्यापूर्वी तो अबोला मोडावा. असुरबनिपालाने जगातील सर्व विद्या एका छताखाली आणली, आणि स्वतःच्या सख्ख्या भावाशी समेट करणे त्याला साधले नाही. त्याच्या पाट्यांचा लाभ आपण घेत आहोत. त्याच्या चरित्राचाही लाभ घ्यावा, एवढेच सांगणे आहे.